पहिला ठसा आपल्या कागदावर

कुन्नंकुळमला वह्या बांधणाऱ्यांची गल्ली आहे. तिथल्या एका दुकानाच्या माडीवर ओमनाची खोली. खालून दिवसभर खळीचा वास येतो आणि कागद कापायच्या यंत्राचा दणका बसला की टेबलावरचा काळा चहा कपातल्या कपात हलतो. खोलीत दोन मोठे मॉनिटर, एक कुरकुरणारा पंखा आणि भिंतीला टेकवलेली छापखान्याची जुनी लाकडी पेटी. पेटीला शेकड्यांनी खाने. एके काळी त्यांत छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे असत, आता पेनड्राइव्ह, टाचण्या आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या असतात. पेटी तिच्या वडिलांची, वेलायुधनची. ते खिळे जुळवणारे होते आणि ओमनाही अठराव्या वर्षी त्यांच्याच शेजारी उभी राहून खिळे जुळवायला शिकली.

आता ती एक्कावन्नची आहे. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही हे विचारायची पद्धत गल्लीत केव्हाच बंद पडली. लहानथोर सगळे तिला चेची म्हणतात, थोरली बहीण. पासष्टीचे म्हातारेसुद्धा म्हणतात, आणि ती ऐकून घेते.

छापखान्याची यंत्रं भंगारात गेली तेव्हा बापाने हाय खाल्ली, पण ही बसली नाही. कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला शिकली, मग वेबसाइट करायला शिकली. कुणी शिकवलं म्हणाल तर कुणीच नाही. पडेल तिथे पडली, उठली. आज चर्चची, शाळेची, सुपारीच्या व्यापाऱ्यांची, एका होमिओपॅथ डॉक्टरची अशा चाळीसेक वेबसाइट ती सांभाळते. एखादी बंद पडली की लोक फोन करतात आणि म्हणतात, चेची, ते चालत नाहीये. काय चालत नाही, कधीपासून चालत नाही, हे कुणी सांगेल तर शपथ. ती रागावत नाही. एक कागद घेते, वर तारीख टाकते आणि शेवटचं काय बदललं होतं ते लिहून काढते. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून बघते. दोन गोष्टी एकदम बदलणाऱ्या माणसावर तिचा विश्वास नाही.

ही शिस्त बापाची. वेलायुधनचा आणखी एक नियम होता, आणि तो त्याने पोरीच्या हाडीमाशी भिनवला होता: पहिला ठसा आपल्या कागदावर. गिऱ्हाइकाचा कोरा कागद यंत्रावर चढवायच्या आधी आपल्या घरचा, जुन्या कॅलेंडरच्या पाठीचा कागद लावायचा. चुकलं तर आपलं चुकू दे. ओमनाने एकदा घाईत पहिला ठसा गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेवर मारला होता आणि नवरीच्या नावात एक अक्षर उलटं गेलं होतं. बाप ओरडला नाही. तिला दिवसभर उभं करून जुळवलेले खिळे पेटीत परत टाकायला लावले, एकेक, आपापल्या खान्यात. तेव्हापासून आजतागायत ओमनाने कुठलाही नवा प्रयोग परक्याच्या वस्तूवर आधी केलेला नाही.

गावाबाहेर भातखाचरांच्या कडेला एक वाचनालय आहे. पुराच्या आधी दोन वर्षं तिथल्या लोकांनी एक चांगलं काम केलं. गावातली म्हातारी माणसं एकेक करून ओसरीवर बसवली आणि त्यांच्या तोंडून त्यांच्या आयुष्याच्या गोष्टी रेकॉर्ड करून घेतल्या. तीनशे बारा माणसं बोलली. विडी वळणाऱ्या बायका, नावाडी, माडावर चढणारे, हिशेबनीस, सुईणी. ते सगळे आवाज ओमनाने क्लाऊडवर चढवले आणि वाचनालयाच्या वेबसाइटवर नावांची यादी लावली. नावावर बोट ठेवलं की माणूस बोलायला लागायचा. पुढे पूर आला, वाचनालयातला कॉम्प्युटर आणि रेकॉर्डर पाण्यात गेले, पण आवाज वाचले. त्या वर्षी ओमनाला वाचनालयाने शाल दिली. ती तिने बापाच्या पायांवर घातली, कारण त्याला थंडी वाजायची.

त्या तीनशे बारांत वेलायुधनचाही आवाज होता. ओमनाने तो चढवला, पण ऐकला नाही. ऐकू सावकाश, घरचंच तर आहे, असं म्हणाली. पुढच्या वर्षी बाप गेला. त्यानंतर कितीदा तरी तिने त्याच्या नावावर बाण नेला असेल, पण बोट दाबलं गेलं नाही. ज्याचं त्याला ठाऊक, दुसऱ्याने बोलू नये.

त्या सोमवारी सकाळी पारुकुट्टी-अम्मा जिना चढून आली. ऐंशी उलटलेली बाई, एका डोळ्याने पार अधू, आणि पंधरा पायऱ्या चढून आली म्हणजे काम तसंच असणार. तिचा नवरा अच्युतन याच गल्लीत वह्या बांधायचा. जुळवणारा वेलायुधन आणि बांधणारा अच्युतन, दोघांनी चाळीस वर्षं एकाच टपरीवर चहा घेतला. अच्युतनला जाऊन तीन वर्षं झाली होती. दर श्राद्धाला भाताचे पिंड केळीच्या पानावर ठेवून झाले, ओल्या हातांनी टाळ्या वाजवून कावळ्यांना बोलावून झालं, की म्हातारी घरातल्या सगळ्यांना बसवायची आणि फोनवर नवऱ्याचा आवाज लावायची. परतवंडांनी त्याला पाहिलेलं नव्हतं, ती त्याला आवाजाने ओळखत होती.

"गुरुवारी श्राद्ध आहे, पोरी," ती म्हणाली. "आणि हे म्हणतंय, नाही."

तिने नातीचा फोन पुढे केला. ओमनाने अच्युतनच्या नावावर बोट ठेवलं. गोल फिरलं, फिरलं आणि लाल ओळ आली: प्रवेश नाही.

महिन्याभरापूर्वी ओमनाने ती वेबसाइट नव्याने उभी केली होती. जुन्या साइटचा सांगाडा, ज्याला या धंद्यात फ्रेमवर्क म्हणतात, तो इतका म्हातारा झाला होता की त्याचे दुरुस्तीचे भागही मिळेनात. तेव्हा नवा सांगाडा घेतला, यादी नव्याने भरली आणि क्लाऊडवरची कोठी त्याला जोडून दिली. म्हणजे बिघाड झाला असेल तर आपल्याच हातून, हे तिला पहिल्या मिनिटाला कळलं. तिने म्हातारीला सांगितलं, गुरुवारच्या आत होईल, अम्मा. बोलून गेली आणि लगेच वाटलं, उगाच शब्द दिला.

कागद घेतला, तारीख टाकली. प्रवेश नाही म्हणजे परवानगीचा घोळ. सोमवारचा अख्खा दिवस तिने परवानग्या तपासण्यात घालवला. कोठीची किल्ली बरोबर आहे का, किल्लीला वाचायचा हक्क दिलाय का, साइटचा पत्ता कोठीच्या यादीत नोंदवलाय का, सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे तर नाही. सगळं जागच्या जागी होतं. मंगळवारी तिने जुनी साइट बाजूला पुन्हा चालू करून पाहिली, तिच्यातही तेच. मग सहज म्हणून नव्या साइटवर दुसऱ्या एका नावावर बोट ठेवलं, तर आमिना नावाची म्हातारी सुईण खणखणीत आवाजात बोलायला लागली. पुढचं कोच्चम्मिणी, तेही चाललं. त्यापुढचं सुकुमारन, प्रवेश नाही. एकाच कोठीत, एकाच किल्लीने काही दारं उघडतात आणि काही नाही, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

बुधवारी सकाळी चाक्कुण्णी मास्तर आले. हे वाचनालयाचे सेक्रेटरी, शाळेतून निवृत्त झालेले, जिभेला हाड नसलेले. नव्या साइटसाठी नावांची यादी त्यांनीच आपल्या फोनवर नव्याने टाईप करून दिली होती, पंधरा दिवस खपून. येताना ते केळ्याची भजी घेऊन आले होते, म्हणजे मन खातंय हे ओमनाने ओळखलं.

ओमनाने तोवर एकूण एक नाव तपासून काढलं होतं. एकशे ऐंशी चालत होती आणि एकशे बत्तीस नाही. मास्तरांनी न चालणाऱ्यांची यादी चष्मा वर करून वाचली आणि म्हणाले, सगळे बाप्येच गेलेत की. बायका तेवढ्या बोलतायत. तुझ्या यंत्राला शेवटी अक्कल आली म्हणायची. ओमना हसली नाही. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की वाचनालयात कुजबुज सुरू झाली आहे, आमच्याच जातीची माणसं पुसली असं कुणीतरी बोललंय. ओमनाने यादीवर बोट आपटलं. स्टीफन गेलाय, अब्दुरहिमान गेलाय, गोविंदन नायर गेलाय. पुसणाऱ्याने फार समदृष्टीने पुसलं म्हणायचं. आणि बाप्येच जायचे तर तुम्ही कसे राहिलात मास्तर? तुमचा आवाज चालतोय. बावा चालतोय, कुंजाप्पु चालतोय. उलट ही बघा, एकशे एकतीस बाप्यांच्या मध्ये एकच बाई, कार्त्यायनी. ती का गेली?

मास्तरांनी भजं खाल्लं.

तेव्हा ओमनाने गेल्या कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते केलं. यादी कागदावर छापली, पट्टी घेतली आणि प्रूफ तपासतात तशी वाचायला बसली. वेलायुधन प्रूफ नेहमी शेवटाकडून वाचायचा, शेवटचं अक्षर आधी, मग त्याच्या अलीकडचं. सरळ वाचलं की डोळा अर्थाच्या मागे पळतो आणि अक्षर सुटतं, असं त्याचं म्हणणं. ओमनाने पट्टी खाली सरकवत नावांची फक्त शेपटं वाचली. अच्युतन. सुकुमारन. स्टीफन. अब्दुरहिमान. नायर. सगळ्यांच्या शेवटी काच.

आपल्याकडे पाय मोडलेलं अक्षर असतं ना, तसं कुन्नंकुळमकडच्या लिपीत चिल्लु असतं. स्वर झडलेलं, एकट्याने उभं राहिलेलं व्यंजन. न, र, ल, ळ, ण यांना त्यासाठी वेगळाच आकार आहे, वर शेपूट उडवलेला. आणि चिल्लु या शब्दाचा बोलीतला अर्थ काच. छापखान्यात सगळे त्यांना काचाच म्हणायचे. मास्तरांच्या नावाच्या शेवटी काच नव्हती, बावाच्या नव्हती, बायकांच्या नावांत तर ती सहसा नसतेच. ओमनाची पट्टी कार्त्यायनीवर आली. शेवटी काही नाही. मधे मात्र होती, त्या र ची, नावाच्या पोटात.

"मास्तर," ती म्हणाली, "तुमच्या फोनवर काच कशी काढता?"

मास्तरांनी काढून दाखवली. एक बोट दाबलं, एक अक्षर आलं. ओमनाने आपल्या कीबोर्डवर काढून दाखवली. न दाबला, मग त्याचा पाय मोडायची खूण दाबली, मग न दिसणारा एक सांधा दाबला. तीन बोटं, तीन तुकडे, आणि पडद्यावर तेच एक अक्षर. दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. मास्तरांनी चष्मा पुसला. तिळाचाही फरक नव्हता.

जुन्या काळी कॉम्प्युटरवर काच अशी तीन तुकड्यांनीच बने. मग केव्हातरी तिला स्वतःचं एकसंध अक्षर मिळालं आणि नवे फोन तेच वापरतात. माणसाला दोन्ही सारखी. यंत्राला मात्र हा अच्युतन वेगळा आणि तो अच्युतन वेगळा. साइट मास्तरांच्या अच्युतनला हाका मारत होती, आणि कोठीत होता ओमनाने चढवलेला अच्युतन. कोठीचा रखवालदारही असला की आत असं कुणी नाही हे सरळ सांगणार नाही, नुसतं प्रवेश नाही म्हणणार. आत कोण आहे नि कोण नाही हे परक्याला कळू द्यायचं नाही अशी त्याला ताकीद असते. त्या एका उत्तरापायी ओमनाचा सोमवार फुकट गेला होता.

तिला बापाचं बोलणं आठवलं. छापखान्यात काचेचे खिळे कमी पडले की वेलायुधन साध्या न चा खिळा कानशीने घासायचा आणि त्याला शेपटीचा तुकडा जोडायचा. छापल्यावर ओळखून दाखवा म्हणायचा. पण खिळे पेटीत परत टाकायची वेळ आली की तो स्वतः बसायचा, दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. कागदाला कळत नाही गं, पेटीला कळतं, असं म्हणायचा.

"म्हणजे माझ्या फोनामुळे झालं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही मास्तर. तुमचं अक्षर बरोबर होतं. माझंही बरोबरच होतं."

आता उरलं काय, नावं जुळवून द्यायची. ओमनाने कोठी उघडली, जुन्या काचेच्या फाईली बघायला. आणि कोठीत एकशे ऐंशीच फाईली होत्या.

मग तिला सगळं आठवलं. साइट नवी केली त्याच आठवड्यात तिने कोठीची झाडलोट केली होती. यंत्राला सांगितलं होतं, यादीत ज्याचा मालक नाही अशा फाईली शोध. यंत्राने एकशे बत्तीस काढून दिल्या. ओमनाने त्या डोळ्यांखालून घातल्या होत्या, न बघता पुसणारी ती नव्हे. अच्युतन, सुकुमारन, स्टीफन, ही नावं यादीतही होती. तरी यंत्र मालक नाही म्हणतंय म्हणजे या दुसऱ्या प्रती असणार, मूळ फाईली आपल्या जागी असतील, असं तिने धरलं. तिच्या डोळ्यांना तीच नावं दिसत होती. उभी हयात अक्षरांत गेलेली बाई, पण काचेने तिलाही फसवलं.

"गेलं?" मास्तरांनी विचारलं. म्हाताऱ्यांपैकी निम्मी माणसं आता हयात नव्हती.

"थांबा," ओमना म्हणाली. "मी तीस दिवसांची टोपली लावली होती."

त्या झाडलोटीच्या वेळी तिने कोठीत एक व्यवस्था चालू केली होती: पुसलेलं लगेच फेकू नको, तीस दिवस टोपलीत ठेव, मग फेक. तिने कागदावर तारीख पाहिली. आज एकोणतिसावा दिवस होता. पारुकुट्टी-अम्माच्या नवऱ्याचं श्राद्ध दोन दिवस उशिरा आलं असतं तर अर्धा गाव कायमचा मुका झाला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. मास्तरांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

टोपली उघडली. सगळे होते. ओमनाचा हात सवयीने वेलायुधन शोधायला लागला, कारण परत आणायचा पहिला प्रयोग करायचा तो घरच्या फाईलवर. काही बिघडलं तर आपलं बिघडू दे. तिने यादी खाली नेली, वर आणली, पुन्हा खाली नेली. वासवन होता, विश्वंभरन होता. वेलायुधन नव्हता. टोपलीत एकशे एकतीस होते.

ती मागे टेकून बसली. पंखा कुरकुरत होता. खाली कागद कापायच्या यंत्राचा दणका बसला आणि चहा हलला. तिला एकोणतीस दिवसांपूर्वीची दुपार लख्ख दिसली. पुसायचा हुकूम नीट चालतो की नाही हे आधी एका फाईलवर बघायचं होतं. परक्याच्या म्हाताऱ्यावर कसं बघायचं? तिने बापाची निवडली. पुसली गेली, सुरळीत. आणि मग, ती गेल्यावर मग, तिला वाटलं होतं की उरलेल्यांसाठी टोपली लावलेली बरी, न जाणो. टोपली लावून बाकीच्या एकशे एकतीस पुसल्या. लोकांची माणसं टोपलीत पडली. तिचा बाप टोपली लागायच्या आधीच गेला होता, आणि तो जातोय का हे बघणारी तीच होती.

रेकॉर्डर पुरात गेलेला. वाचनालयाचा कॉम्प्युटर पुरात गेलेला. दुसरी प्रत कुठेही नव्हती. आणि तिने तो एकदाही ऐकला नव्हता. काय बोलला असेल तो? छापखान्याबद्दल बोलला असेल. आईबद्दल? तिच्याबद्दल काही? सात वर्षं ते एका बोटाच्या अंतरावर होतं आणि ती आज नको, उद्या ऐकू म्हणत राहिली. कुणी तिला तेव्हा विचारलं असतं तर म्हणाली असती, मी माझ्या हाताने त्याला दुसऱ्यांदा पोचवलं.

मास्तरांनी काय झालं ते विचारलं. तिने सांगितलं, दोन वाक्यांत. मास्तरांनी विचारलं, मग आता पहिला प्रयोग कुणावर करायचा?

"करायचाच नसता तर बरं होतं," ओमना म्हणाली. मग उठली, तोंडावर पाणी मारून आली.

"तुमच्यावर करू?" ती म्हणाली. "तुमची फाईल आधी पुसते आणि टोपलीतून परत आणून बघते. नाही आली तर?"

"कर," मास्तर म्हणाले. "मी अजून जिवंत आहे. परत बोलेन."

मास्तर पुसले गेले आणि परत आले. मग ओमनाने उरलेले एकशे एकतीस आणले. एकदम आणले असते तर चहा निवायच्या आत झालं असतं. तिने एकेक आणला, एकेकाचा आवाज लावून पाहिला आणि कागदावर खूण केली. प्रत्येकाला नावाऐवजी आता नुसता आकडा दिला, आकड्याला काच नसते. संध्याकाळची चर्चची घंटा झाली तेव्हा कार्त्यायनी परत आली, नुसतं "माझं नाव कार्त्यायनी" एवढं बोलली, आणि मास्तरांनी डोळे पुसले. त्या बाईशी त्यांची काडीची ओळख नव्हती.

गुरुवारी सकाळी ओमना पारुकुट्टी-अम्माच्या घरी गेली. फोनवर सांगता आलं असतं, पण शब्द दिला होता, म्हणून स्वतः गेली. अंगणात पानावर पिंड ठेवून झाले होते. थोरल्या मुलाने ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या, कावळा यायला वेळ लागला, पण आला. मग सगळे ओसरीवर बसले. पोरं पुढे, सुना दाराशी. ओमना जायला निघाली तर म्हातारीने तिचा हात धरून शेजारी बसवली आणि कानाशी लागून विचारलं, तुझ्या अच्छनचा, बापाचा, आवाज नीट आहे ना गं? ओमनाला खोटं बोलता आलं असतं.

"नाही, अम्मा. तो गेला. माझ्याच हातून गेला."

म्हातारीने हात सोडला नाही. नातीने फोन लावला.

अच्युतन बोलायला लागला. वह्या कशा बांधायच्या, सुई कुठून घालायची, खळीत मोरचूद किती टाकायचा म्हणजे वाळवी लागत नाही. लग्नात सासऱ्याने पावसात कसं उभं केलं. परतवंडं त्या जागी हसायची हे ठरलेलं होतं, ती हसली. वीस मिनिटं बोलून अच्युतन खोकला आणि म्हणाला, झालं माझं. ओमनाला वाटलं संपलं, ती उठायला लागली. नातीचं बोटही बंद करायला गेलं.

"बंद करू नका," पारुकुट्टी-अम्मा म्हणाली. "शेवटी तुझा अच्छन आहे. मला दर वर्षी ऐकू येतो."

अच्युतन दुसऱ्याच कुणाकडे वळून बोलत होता, आवाज जरा लांब गेला होता. "वेलायुधा, ऊठ आता. तुझी पाळी."

खुर्ची सरकली. आणि मागून, ओसरीच्या दुसऱ्या टोकाकडून, बसक्या गळ्याचा एक आवाज म्हणाला, "येतो."

तिथे रेकॉर्डिंग संपलं. नातीने विचारलं, पुन्हा लावू का चेची? ओमनाने मान डोलावली. तीनदा लावलं. पोरं कंटाळून उठून गेली, म्हातारी हात धरून बसून राहिली.

तेवढा तुकडा कापून वेगळा ठेवणं ओमनाला दोन मिनिटांचं काम होतं. तिने कापला नाही, होता तिथेच राहू दिला. दुपारी खोलीवर परत आल्यावर तिने साइटची यादी उघडली. तीनशे अकरा नावांपुढे आता आवाजाची खूण होती आणि एकापुढे नव्हती. त्या नावाखाली तिने एक ओळ टाईप केली, आणि शेवटाकडून तपासून घेतली: अच्युतन यांची गोष्ट संपेपर्यंत थांबावे.